वाढत्या हाताची मूठ

माझ्या वडिलांनी गेल्या वर्षापर्यंत माझ्यासाठी एकही वस्तू माझ्या मापाची घेतली नव्हती. सगळं वाढत्या अंगाचं. शाळेचा फ्रॉक गुडघ्याच्या खाली वीतभर, बुटांच्या टोकात कापसाचे बोळे, आणि रेनकोट तर असा की त्यात मी, माझं दप्तर आणि वाटेत भिजत उभी असलेली एखादी मैत्रीण आरामात मावायची. शिंप्याला बाबांची सक्त ताकीद असे, कापायचं नाही, आत दुमडायचं. त्यामुळे माझ्या प्रत्येक फ्रॉकच्या आत आणखी अर्धा फ्रॉक घडी घालून बसलेला असे. मी वाढले की तो उलगडायचा, अशी योजना होती. मी काही त्या मानाने वाढले नाही. ते दुमडलेलं कापड शेवटी पायपुसणी होऊनच बाहेर आलं.

हात तर सगळ्यात आधी वाढायचे थांबले. आज तिशी उलटली तरी बनारसच्या ठठेरी बाजारातली चुडीवाली माझा हात बघते आणि एक शब्द न बोलता लहान मुलींच्या बांगड्यांचा डबा पुढे ओढते. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. तिथले जाडजूड कोश मी तान्ह्या बाळासारखे छातीशी धरून नेते, कारण एका हातात ते मावतच नाहीत. लहानपणी हार्मोनियम शिकायला घातलं होतं, पण खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत बोटं काही पोचेनात. बाबा गुरुजींना म्हणाले होते, वाढेल हळूहळू. गुरुजी बिचारे वाट बघून थकले.

तर अशा हाताच्या बाईने पिस्तुलाच्या प्रेमात पडायचं नसतं. मी पडले.

झालं असं की ग्रंथालयातली एक मैत्रीण दर रविवारी शहराबाहेरच्या एका शूटिंग रेंजवर जायची. एकदा मी सहज सोबत गेले. तिथले कोच फौजेतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत, मिशी त्याहून. त्यांनी क्लबचं एक एअर पिस्तूल माझ्या हातात दिलं, नळीत बारकासा शिशाचा छर्रा घालून दिला आणि समोरचा कागद दाखवला. पहिला छर्रा कागद सोडून मागच्या पाटीवर कुठेतरी टण्णकन वाजला. दुसरा काळ्या गोलात गेला. मला हसू फुटलं. फुटलं ते फुटलंच. पिस्तूल टेबलावर ठेवून मी पोट धरून हसत होते आणि शेजारच्या लेनमधली शाळकरी मुलं माझ्याकडे बघत होती. घरी येताना ऑटोवाल्यालाही मी सांगितलं की भैया, आज मैंने निशाना लगाया. तो म्हणाला, "बहुत अच्छा, बस हमको मत लगाइएगा."

महिनाभर मी प्रत्येक रविवारी गेले. मग कोचनी मला थांबवलं. "मैडम, आप पिस्तौल को नहीं पकड़ रहीं, पिस्तौल ने आपको पकड़ रखा है." क्लबच्या पिस्तुलांच्या मुठी मध्यम मापाच्या. माझं बोट ट्रिगरपर्यंत पोचायचं ते जेमतेम नखाने. नीट पोचायचं तर अख्खा पंजा मुठीभोवती फिरवावा लागायचा, आणि पंजा फिरला की नळीही डावीकडे वळायची. त्यांनी मला एक गंमत करून दाखवली. डोळे मीट, हात उचल, लक्ष्यावर स्थिर कर, आता डोळे उघड. मूठ हाताला बसत असेल तर पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसते. माझी माशी खाचेत नव्हतीच. शेजारच्या लेनमधल्या मुलाच्या कागदाकडे बघत होती.

दिवाळीनंतर जिल्ह्याची स्पर्धा होती, नवशिक्यांचा वेगळा गट होता, आणि मला त्यात उतरायचं होतं. इतकं की ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारतानाही माझा श्वास आपोआप रोखला जायचा. कोचनी अट घातली. स्वतःचं पिस्तूल घ्या, मूठ लहान घ्या, ती हाताला बसल्याचं मला दाखवा, तरच नाव देईन. नाहीतर चुकीची पकड अंगवळणी पडेल आणि ती जन्मभर सुटणार नाही. पॉइंट टू-टूची, म्हणजे गोळीची, खरी पिस्तुलं क्लबात होती, त्यांना लायसन्स वगैरे लागतं, पण ती पुढची गोष्ट. पहिलं पिस्तूल हवेचंच. हलकं, ट्रिगर मागेपुढे सरकवता येईल असं, आणि मूठ लहान. मूठ लहान, हे त्यांनी परत एकदा सांगितलं.

आता घरी सांगायचं होतं. आमचं घर ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत. पणजोबा इथे वेद शिकायला आले आणि राहिले. बाबा रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले, पण सकाळची संध्या चुकली नाही. अशा घरात लग्न न झालेल्या मुलीने पिस्तूल मागायचं म्हणजे काय होईल याचे मी सगळे संवाद मनात पाठ करून ठेवले होते. सगळे वाया गेले. बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला.

"माप कुठलं घेणार?"

"लहान," मी म्हटलं.

"लहान?" ते ताठ बसले. "वेडी आहेस का? एवढी महागाची चीज आणि लहान घेणार? उद्या हात वाढला म्हणजे?"

स्वयंपाकघरातून आईचं हसणं ऐकू आलं. "अहो, ती तिशीची झाली! आता काय वाढायचंय, केस पिकायचे तेवढे राहिलेत."

"तू गप बस. मी येतो दुकानात. हिला एकटीला पाठवलं तर कुणीही काहीही गळ्यात मारेल."

नवरात्रात आम्ही दोघं बंदुकांच्या त्या जुन्या दुकानात गेलो. दुकानदार पान चघळत बसले होते, मागच्या काचेच्या कपाटात लांब नळ्या उभ्या. त्यांनी आधी एक स्प्रिंगचं पिस्तूल काढलं. नळी मोडून ताणायची आणि मग छर्रा भरायचा. मी ताणली, ती जागची हलली नाही. बाबांनी ताणली, अर्धी आली. मग एका बाजूने बाबा आणि दुसऱ्या बाजूने मी असे आम्ही भर दुकानात पिस्तुलाशी झोंबलो, तेव्हा दुकानदारांनी ते हळूच काढून घेतलं. "रहने दीजिए. ई आप लोगों के बस का नहीं." दुसरं निघालं ते स्पर्धेचं. खाली हवेचा छोटा सिलिंडर, वजनाला हलकं, ट्रिगर पुढेमागे सरकणारा, आणि अक्रोडाच्या लाकडाची मूठ. दोन मापांत. लहान मूठ मी हातात घेतली. बोटाचं पहिलं पेर अगदी सरळ जाऊन ट्रिगरवर टेकलं. जन्मात पहिल्यांदा एखादी वस्तू मला न विचारता माझी झाली होती.

"जरा मोठं दाखवा," बाबा म्हणाले. हे वाक्य त्यांनी माझ्या लहानपणी बनारसच्या प्रत्येक दुकानात म्हटलेलं आहे, आणि घाई असली की ते मराठीतच म्हणतात.

दुकानदारांना मराठी येत नव्हतं, पण बापाची भाषा कळली. "बाबूजी, ई कउनो फराक थोड़े है कि बिटिया बढ़ी तो खोल देंगे. जितना हाथ, उतनी मूठ."

"आप रखिए अपना हिसाब. हम मीडियम लेंगे."

मी भांडायला हवं होतं. पण बाबांबरोबर दुकानात शिरलं की माझं वय आपोआप आठ होतं, आणि शिवाय मी आनंदाने इतकी वेडीपिशी झाले होते की त्यांनी तोफ घेतली असती तरी मी ओढत घरी नेली असती. मध्यम मुठीचं पिस्तूल खोक्यात बसलं. रिक्षात मी ते मांडीवर घेतलं होतं आणि दर दोन मिनिटांनी खोक्याचं झाकण किलकिलं करून आत बघत होते.

घरी आल्यावर अर्थातच ते माझ्या हातात बसेना. बाबांना काही काळजी वाटली नाही. जन्मभर ज्याला मोठं घ्यायची सवय आहे त्याच्याकडे ते लहान करायचा उपायही असतो. ते कापूस घेऊन आले. मग मुठीकडे बघत बराच वेळ उभे राहिले. बुटात कापूस कोंबला की बूट लहान होतो. मुठीवर कापूस लावला तर मूठ आणखी मोठी होते. हा साधा विचार त्यांच्या लक्षात येताना मी त्यांचा चेहरा बघत होते, आणि हसू दाबताना मला ठसका लागला.

"म्हणजे मूठ नाही," ते शेवटी म्हणाले, "हात मोठा करायचा."

आणि त्यांनी केला. त्यांच्या हिवाळ्यातल्या लोकरी हातमोज्यात बोटाबोटाला कापूस भरून तो माझ्या हातावर चढवला. मी त्या हाताने पिस्तूल धरलं तेव्हा आई जमिनीवर बसली. खरंच बसली, डोळ्यांना पदर लावून. "अहो, ही भुतासारखी दिसते हो!" बाबा मात्र चारी बाजूंनी बघून म्हणाले, "बसली की नाही मूठ? मग?"

रविवारी मी तो हातमोजा रेंजवर नेला. का नेला, मला विचारू नका. कोचनी आधी हातमोज्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग ते बाहेर जाऊन हसून परत आले. "मैडम, दस्ताना चलता नहीं. नियम में ही नहीं है. आप जाके मूठ बदलवाइए." हातमोज्याचा शेवटही त्याच्या लायकीप्रमाणे झाला. तो मी धुऊन गच्चीवर वाळत घातला होता. एका माकडाने तो पळवला, शेजारच्या कठड्यावर बसून त्यातला कापूस एकेका बोटातून काढला, आणि चव न आवडल्यामुळे आमच्याच अंगणात फेकला.

बाबा मूठ बदलून आणायला तयार झाले, पण पटलं म्हणून नाही. नियमात नाही म्हटल्यावर हिशेब खात्यातल्या माणसापुढे दुसरा इलाज नसतो. "जाऊ नवरात्र झाल्यावर," म्हणाले. आणि मधे आली खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. हत्यारं म्हणजे काय, तर विळी, अडकित्ता, आईची कात्री, बाबांचा हातोडा. दरवर्षी तीच. त्या वर्षी मी आंघोळ करून आले तर पाटावर मधोमध माझं पिस्तूल, आणि विळी-अडकित्ता दोन्हीकडे अंग चोरून बसलेले. आई इतकी खूश होती की बोलायची सोय नाही. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या घरात खरं शस्त्र आलंय ग," ती म्हणाली. तिने हळद पाण्यात कालवून मुठीला भरभरून लावली. त्यावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. अक्षता वाहिल्या, फूल ठेवलं, निरांजन ओवाळलं. मी नळीच्या तोंडाशी बोट धरून बसले होते, अक्षता आत जाऊ नयेत म्हणून. मुठीचं मला सुचलंच नाही. अक्रोडाचं लाकूड वरून गुळगुळीत दिसलं तरी हाताला धरायला ते खरखरीतच ठेवलेलं असतं. हळद आत मुरली.

पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. त्यामुळे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो तेव्हा मूठ पिवळीधमक झाली होती आणि वर लाल स्वस्तिक होतं. मी ते घासून पाहिलं होतं. स्वस्तिक आणखी पसरलं होतं. दुकानदारांनी खोकं उघडलं, तोंडातलं पान चघळायचं थांबवलं, आणि पिस्तुलाला हात जोडले. त्यांनी खरोखर हात जोडले.

"बाबूजी, पूजा हो गई इसकी. अब हम वापस कैसे ले लें? देवी बैठ गईं इस पर. पाप लगेगा हमको."

"पैसे काट लीजिए."

"देवी का क्या काटें?"

दुकानातली लहान मूठ दुसऱ्या पिस्तुलावरची होती, ती सुटी मिळेना. नुसती मूठ मागवता येत होती, पण ती यायला पुढचं वर्ष उजाडलं असतं. नाव द्यायची मुदत तर त्याच आठवड्यात संपत होती. परत येताना रिक्षात मी खोक्याचं झाकण एकदाही उघडलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू येत नव्हतं. मला रडू येत होतं, आणि ते पिस्तुलाचं नव्हतं. सगळ्या फ्रॉकांचं, बुटांचं, त्या रेनकोटाचं होतं. मी बाबांना म्हटलं, "बाबा, मला ढगळ कपड्यांत राहायची सवय आहे. पण ढगळ पिस्तुलाने नेम लागत नाही हो."  

जेवण झाल्यावर ते गच्चीवर गेले. थोड्या वेळाने मी वर गेले तर कठड्यापाशी सावलीत बसले होते. पुढ्यात जुनी कानस, पॉलिश पेपर आणि पिस्तुलापासून स्क्रू काढून वेगळी केलेली मूठ.

"काय करताय?"

"तासतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. या माणसाने माझ्या फ्रॉकचं एक इंच कापड कधी कापू दिलं नव्हतं. आणि लाकूड काही आत दुमडता येत नाही. तासलेलं परत यायचं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. कानस हातात होती, पण ती चालत नव्हती.

"कुठे तासायचं तेच कळत नाही," ते म्हणाले. पण ते थांबले होते ते काही त्यामुळे नाही.

मग आई वर आली, पूजेतल्या कुंकवाची वाटी घेऊन. तिने त्यात दोन थेंब तेल घातलं आणि माझ्या पंजाला फासलं. "धर बघू मूठ." मी धरली आणि सोडली. जिथे हात घट्ट दाबला जात होता तिथे लाकडावर गडद लाल ठसा उठला, अंगठ्याच्या बुडाशी आणि मागच्या उंचवट्यावर. "तेवढं काढा," आई म्हणाली, आणि आपण फार मोठं काही केलं नाही अशा चेहऱ्याने वाळवण उलटायला गेली.

बाबांनी पहिला हात फिरवला. पिवळा-लाल भुसा खाली पडला. कुंकू लावायचं, धरायचं, ठसा बघायचा, तासायचं. "अजून?" ते विचारत. "अजून," मी म्हणे. आधी ते दर वेळी विचारत होते, मग विचारायचं विसरले आणि शीळ घालू लागले. बाबांना शीळ घालता येते हे मला तोवर माहीतच नव्हतं. आमचे दोघांचे हात कोपरापर्यंत लाल, खाली गंगा, आणि पलीकडच्या गच्चीवर तेच हातमोजेवालं माकड, या खेपेला बरंच अंतर राखून. मला परत हसू यायला लागलं. बाबाही हसत होते. कशाला ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा त्यांनी मूठ परत पिस्तुलावर बसवली. आत छर्रा नव्हता, तरी नळी मी सवयीने मोकळ्या आभाळाकडे धरली. डोळे मिटले. हात उचलला, स्थिर केला. डोळे उघडले. माशी खाचेत मधोमध बसली होती.

"बसली?"

"बसली."

बाबांनी धोतरावर पडलेला भुसा ओंजळीत गोळा केला. मला वाटलं आता हा पुडीत बांधून कपाटात जाणार, त्या सगळ्या दुमडलेल्या कापडांसारखा. त्यांनी क्षणभर ओंजळीकडे बघितलं आणि कठड्यावरून सोडून दिला. वाऱ्याने अर्धा आमच्याच अंगावर आला.

रविवारी ते माझ्याबरोबर रेंजवर आले, इस्त्रीचा सदरा घालून. कोचनी मूठ उलटीसुलटी पाहिली. "हल्दी?" त्यांनी विचारलं. मग मला डोळे मिटायला लावले, दोन वेळा. मग विचारलं, "मीडियम थी न? अब कौन-सा साइज़ हो गया ये?"

"साइज़-वाइज़ कुछ नहीं," बाबा म्हणाले. "इसका हाथ है."

कोचनी माझं नाव दिलं. फक्त माझ्या सँडलकडे बघून म्हणाले की स्पर्धेला हे चालणार नाहीत, घोट्याच्या खाली राहणारे सपाट तळाचे बूट लागतील.

म्हणून परतीच्या वाटेवर आम्ही चौकातल्या बुटांच्या दुकानात शिरलो. तिथे माझ्या शाळेपासूनचे सगळे बूट घेतलेले. दुकानदारांचे केस आता पांढरे झालेत, पण त्यांनी बाबांना ओळखलं, माझ्या पायांकडे ओझरतं पाहिलं आणि सवयीने एक माप वरचं खोकं काढलं. "बिटिया का पाँच नंबर न, बाबूजी? थोड़ा बड़ा?"

"नहीं, चार दीजिए," बाबा म्हणाले. "जितनी बड़ी होनी थी, हो गई."

बूट पायात नेमके बसले. टोकात कापूस नव्हता, अंगठा हलवला तर जागच्या जागी हलला. मी ते काढलेच नाहीत. सँडल पिशवीत टाकले आणि बूट घालूनच घरापर्यंत चालत आले.